मॉरिशसचं हवामान: आधी वारा कुठून येतोय ते बघा

मॉरिशस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तामारिन नावाचं गाव आहे. तिथे जुनी मिठागरं आहेत. काळ्या दगडांनी बांधलेल्या उथळ कुंड्यांमध्ये समुद्राचं पाणी खेळवायचं, उन्हावर आटवायचं आणि तळाशी बसलेलं मीठ ओढून घ्यायचं, असा हा धंदा. त्याला ऊन कडक लागतं आणि पाऊस अजिबात चालत नाही. तामारिनहून सरळ रेषेत जेमतेम वीस किलोमीटरवर, बेटाच्या उंच भागात ब्वा शेरीचे चहाचे मळे आहेत. चहाला बाराही महिने ओल हवी, ढगाळ थंडावा हवा. एकमेकांच्या विरुद्ध मागण्या असलेले हे दोन व्यवसाय एकाच बेटावर सुखेनैव चालतात, आणि ते बेट आहे १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा पाव हिस्साही नाही.

त्यामुळे ‘मॉरिशसला सध्या हवा कशी आहे?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. आधी विचारायचं ते हे: वारा कुठल्या दिशेचा आहे, आणि तुम्ही बेटाच्या कुठल्या अंगाला, किती उंचीवर आहात? या गोष्टी कळल्या की तिथलं निम्मं हवामान समजतं. पोर्ट लुईत कधीकधी तासाभरात रस्त्याची नदी का होते, याचंही उत्तर तिथेच सापडतं.

बेटाची ठेवण आणि आग्नेयेचा वारा

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळ उत्तरेला साधारण तितक्याच अंशांवर आहेत. फक्त ऋतू उलटे. बेट ज्वालामुखीतून झालेलं. उत्तरेकडून सपाट जमीन हळूहळू चढत मधल्या पठारावर जाते. पठाराची उंची क्युरपीप शहराजवळ साधारण ५५० मीटर. तिथून नैर्ऋत्येला जमीन झपकन उतरते. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं. महाबळेश्वर पाहिलेल्याला ही उंची काहीच वाटणार नाही, पण इथल्या पावसासाठी ती पुरते.

कारण असं. वर्षातला बहुतेक काळ बेटावर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रावरून आल्यामुळे ते बाष्पानं भरलेले असतात. अशी हवा साधारण ५०० ते ७०० मीटर वर ढकलली गेली की इतकी गार होते की तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनू लागतात. मधल्या पठाराची उंची नेमकी त्याच पातळीच्या आसपास. म्हणजे वाऱ्याला फार चढावं लागत नाही, पठाराच्या पायऱ्या चढता चढताच ढग तयार. क्युरपीपला दुपारी दोनला दिवे लावावे लागतात आणि त्याच वेळी पश्चिमेच्या फ्लिक आँ फ्लाक किनाऱ्यावर लोक उन्हात पडलेले असतात, ते यामुळे.

पण मग पठारावर रोज मुसळधार का पडत नाही? त्याला वरचं झाकण कारणीभूत आहे. व्यापारी वाऱ्यांच्या थराच्या डोक्यावर, साधारण दोन किलोमीटरच्या आसपास, कोरड्या आणि तुलनेनं उबदार हवेचा थर असतो. खालची गार हवा त्याला भेदून वर जाऊ शकत नाही. ढग वाढायला बघतात, तिथे अडतात आणि पसरतात. असे बुटके ढग गडगडत नाहीत, फक्त भुरभुरतात. पाच मिनिटं झिमझिम, दहा मिनिटं उघडीप, पुन्हा झिमझिम. हिवाळ्यात हे झाकण घट्ट असतं. उन्हाळ्यात ते सैल होतं, कधी नाहीसंच होतं, आणि तेव्हाच खरा धो-धो पाऊस होतो.

पठार ओलांडून वारा पश्चिमेला उतरतो तेव्हा हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. आपल्या सह्याद्रीसारखंच हे गणित, फक्त दिशा उलटी. आपल्याकडे पश्चिमेचा कोकण भिजतो आणि पूर्वेचा माण-खटाव कोरडा राहतो. तिथे पूर्व किनारा ओला, पठार सर्वांत ओलं आणि पश्चिम कोरडी. वर्षाचा पाऊस आकड्यांत सांगायचा तर पूर्व किनाऱ्यावर सुमारे १,५०० मिलिमीटर, मधल्या पठारावर सुमारे ४,००० आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. सगळ्या बेटाची सरासरी साधारण २,०१० मिलिमीटर येते. ही सरासरी कागदावरच खरी. प्रत्यक्षात फार थोड्या जागी तेवढा पाऊस पडतो.

मराठी मंडळींची जुनी वस्ती असलेलं कास्कावेल गाव पश्चिमेच्या याच कोरड्या अंगाला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे हे वंशज. पूर्वजांच्या कोकणात घराची पुढची बाजू पावसापासून राखावी लागे. इथे पावसाचा वारा डोंगराच्या पलीकडेच रिकामा होऊन येतो.

दोनच ऋतू

आपल्यासारखे तीन ऋतू तिथे नाहीत. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा: गरम, दमट, पावसाळी. जून ते सप्टेंबर हिवाळा: कोरडा म्हणतात, पण तो उन्हाळ्याच्या मानानं कोरडा. मे आणि ऑक्टोबर हे सांधे बदलण्याचे महिने. उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४.७ अंश, हिवाळ्याचं २०.४. फरक चार-सव्वाचार अंशांचा. नागपूरकराला हे थट्टा वाटेल, पण चहूबाजूंनी समुद्र असला की असंच होतं. पाणी हळू तापतं, हळू निवतं, आणि बेटाची हवा पाण्याच्या मागे फरपटत जाते. समुद्र उन्हाळ्यात २७-२८ अंशांवर, हिवाळ्यात २२-२३ वर. सर्वांत गरम महिने जानेवारी-फेब्रुवारी, सर्वांत थंड जुलै-ऑगस्ट.

उंचीमुळे पडणारा फरक ऋतूच्या फरकाइतकाच मोठा आहे. किनाऱ्यावरून क्युरपीपला चढलात की तीन-चार अंश कमी होतात. त्यात वारा आणि भुरभुर मिळवा. जुलैत समुद्रावरच्या हॉटेलातून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघालेला पाहुणा पठारावर कुडकुडतो. सहलीच्या कंपन्या हे फारसं सांगत नाहीत. हिवाळ्यात वर जायचं असेल तर स्वेटर आणि पातळ रेनकोट, दोन्ही जवळ हवेत.

पावसाच्या वर्षभराच्या २,०१० मिलिमीटरपैकी सुमारे १,३४४ उन्हाळ्यात पडतात, म्हणजे दोनतृतीयांश. फेब्रुवारी-मार्च सर्वांत ओले, ऑक्टोबर सर्वांत कोरडा. महाशिवरात्र नेमकी या ओल्या दिवसांत येते. तेव्हा बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावडी घेऊन लोक पायी गंगा तलावाला निघतात, आणि तलाव आहे पठारावरच्या सर्वांत पावसाळी पट्ट्यात. याउलट गणेशोत्सव तिथे हिवाळ्याच्या शेवटी येतो. आपल्याकडे मूर्तीवर प्लास्टिक टाकून मिरवणूक काढावी लागते. तिथे विसर्जनाच्या वेळी बहुधा गार, कोरडा, वाहता आग्नेयेचा वारा असतो.

हिवाळ्यात अधूनमधून दक्षिणेकडून थंड हवेचे पट्टे येतात. दक्षिण महासागरातली वादळं पुढे सरकताना त्यांच्या शेपटाचा भाग मॉरिशसपर्यंत पोहोचतो. एक-दोन दिवस ढग, सरी. मग पाठोपाठ जास्त दाबाची हवा सरकते आणि वारा जोर धरतो. झोत कधी ताशी ८०-९० किलोमीटरपर्यंत जातात. हे चक्रीवादळ नव्हे, पण बेटाभोवतीच्या प्रवाळरांगेबाहेर समुद्र खवळतो. मासेमारीच्या छोट्या बोटींना बाहेर न जाण्याचे इशारे दिले जातात ते याच काळात, निरभ्र आकाश असतानासुद्धा.

हा जास्त दाबाचा प्रदेश मस्करीन बेटांच्या, म्हणजे मॉरिशस, रेयुनियन आणि रोद्रीग यांच्या दक्षिणेला असतो, म्हणून त्याला मस्करीन उच्चदाब म्हणतात. आपला मान्सून याच्याशी थेट बांधलेला आहे. जून-जुलैत तो बळकट असतो. तिथून निघालेले आग्नेय वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जातात, केनिया-सोमालियाजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्य वारे होऊन सह्याद्रीवर आदळतात. त्यांचा सर्वांत वेगवान पट्टा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. मस्करीन उच्चदाब ढिला पडला की या वाऱ्यांचा जोर कमी होतो. आपल्या हवामान खात्याच्या मान्सून चर्चेत हे नाव म्हणूनच येतं. मॉरिशसचा कोरडा ऋतू आणि कोकणातली झड, दोन्हीचं इंजिन एकच.

पाणी कुठे जातं

ज्याच्या पठारावर चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या बेटावर पाणीकपात होते, हे ऐकून लोक चक्रावतात. पण बेट लहान, उतार तीव्र, नद्या आखूड. पठारावर पडलेलं पाणी काही तासांत समुद्रात. खाली बेसॉल्ट खडक, त्यात भेगा, तेव्हा बरंच पाणी झिरपतं. ही झिरपण वाया जात नाही. पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा बोअरमधून येतो. उरलेल्यासाठी पठारावर धरणं आहेत: मार ओ वाक्वा सर्वांत मोठं, सुमारे २ कोटी ५९ लाख घनमीटरचं, जवळपास तेवढंच मिडलँड्स, आणि अलीकडचं बगातेल.

खरी अडचण वेळेची आहे. धरणं मार्च-एप्रिलमध्ये भरतात आणि तिथून खाली उतरू लागतात. हिवाळ्याची भुरभुर मातीला ओल देते, धरणाला नाही, कारण झिमझिम पाणी वाहत नाही. ऑक्टोबरात पातळी खाली येते आणि सगळ्यांची नजर उन्हाळी पावसाकडे लागते. तो नोव्हेंबर-डिसेंबरात वेळेवर आला तर ठीक. लांबला, तर जानेवारीपर्यंत नळाला ठरावीक तासच पाणी. गच्चीवर प्लास्टिकच्या काळ्या-निळ्या टाक्या दिसतात त्या या दिवसांसाठी.

इथे एक विचित्र पेच आहे. धरणं भरायला मोठा पाऊस हवा, आणि मोठा पाऊस बहुतेक वेळा चक्रीवादळाच्या किंवा कमी दाबाच्या पट्ट्याच्या निमित्तानं येतो. वादळ बेटावर आदळू नये, पण दीड-दोनशे किलोमीटरवरून जावं आणि पठार भिजवून जावं, अशी शेतकऱ्याची आणि पाणीखात्याची गुपचूप इच्छा असते. वादळं सगळीच लांबून गेली की तो उन्हाळा कोरडा जातो. उसालाही याची झळ बसते. ऊस उन्हाळ्याच्या पावसावर वाढतो आणि हिवाळ्याच्या गारव्यात-कोरड्यात साखर धरतो. तोडणी जून ते डिसेंबर. वाढीच्या काळात पाणी कमी पडलं तर वजन घटतं, पक्वतेच्या काळात पाऊस लांबला तर साखर.

चक्रीवादळ

नैर्ऋत्य हिंदी महासागरात एका हंगामात सरासरी नऊ-दहा वादळांना नावं दिली जातात. ही वादळं बहुधा दहा ते पंधरा अंश दक्षिणेला तयार होतात. पाणी किमान साडेसव्वीस अंश गरम हवं, वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार फरक नको, मधली हवा ओली हवी. शिवाय विषुववृत्तापासून पाचेक अंश तरी दूर असावं लागतं, नाहीतर फिरकी मिळत नाही. वादळं पश्चिम-नैर्ऋत्येला सरकतात, मग बहुतेक दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे वळतात. कुठे वळणार, यावर मॉरिशसचं नशीब ठरतं. वीस अंशांवरचं हे छोटं बेट मोठ्या समुद्रात चुकवायला सोपं आहे. म्हणून बरीच वादळं लांबून निघून जातात आणि लोक निर्धास्त होतात.

नाव देण्याची व्यवस्था ठरलेली आहे. सतत वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरला पोहोचला की नाव मिळतं. ५५ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला, ९० अंशांपर्यंत, ते मॉरिशस देतं, पश्चिमेला मादागास्कर. वादळाचं शास्त्रीय विश्लेषण आणि प्रदेशासाठीचा मुख्य अंदाज रेयुनियन बेटावरच्या केंद्रातून येतो. बेटावरचे इशारे मात्र वाक्वाच्या मॉरिशस हवामान खात्याचे. बाहेरच्या संकेतस्थळावरचा रंगीत नकाशा पाहून स्वतःचा अंदाज बांधण्यापेक्षा हे पत्रक ऐकणं शहाणपणाचं, कारण बेटासाठीचे झोत आणि वेळा त्यातच असतात.

इशाऱ्यांच्या चार श्रेणी आहेत आणि त्या सगळ्या एका आकड्याभोवती फिरतात: ताशी १२० किलोमीटरचे झोत. पहिली श्रेणी असे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी. दुसरी अशा बेतानं, की त्याआधी शक्यतो उजेडाचे १२ तास हाताशी राहावेत. तिसरी, उजेडाचे ६ तास राहावेत अशी. चौथी म्हणजे बेटावर १२० चे झोत नोंदले गेले आणि अजून चालू राहणार. नियम अधूनमधून सुधारले जातात, तेव्हा चालू हंगामाचं पत्रक बघावं.

‘उजेडाचे’ या शब्दाकडे नवख्यांचं दुर्लक्ष होतं. समजा जानेवारीत वादळ पहाटे तीनला पोहोचणार आहे. तेव्हा सूर्य सात वाजता मावळतो. सहा तास उजेड मिळायचा तर तिसरी श्रेणी आदल्या दिवशी दुपारी एकपर्यंत जाहीर व्हायला हवी. त्या वेळी बाहेर फक्त ढग आणि जरासा वारा असतो. दुकानं बंद करावी लागतात, बस थांबतात, आणि ‘उगाच सुट्टी दिली’ अशी कुरकुर सुरू होते. इशारा हवा बिघडल्यावर नव्हे, हवा बरी असताना तयारी करण्यासाठी असतो, हे लक्षात घेतलं की ती कुरकुर व्यर्थ ठरते.

वारा बघून वादळ कुठे आहे ते कळतं. दक्षिण गोलार्धात वादळातले वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. वादळ ईशान्येला असताना वारा आग्नेयेचा. तो पुढे पूर्वेचा आणि मग ईशान्येचा झाला, तर वादळ उत्तरेकडून निघून जातंय. आग्नेयेचा वारा दक्षिणेचा आणि मग नैर्ऋत्येचा झाला, तर ते पूर्वेकडून खाली सरकतंय. आणि वारा दिशा बदलत नाही, जोर वाढतोय, हवेचा दाब उतरतोय, तर केंद्र सरळ तुमच्याकडे येतंय.

केंद्र बेटावरून गेलं तर मध्येच वारा पडतो, आभाळही उघडतं. माणसं तेव्हा बाहेर पडतात: छपराचे उडालेले पत्रे शोधायला, शेजाऱ्याची विचारपूस करायला. ही शांतता किती टिकेल ते केंद्राचा आकार आणि वादळाचा वेग यांवर ठरतं. ती संपते तेव्हा वारा उलट्या दिशेनं येतो, आणि तेही पहिल्या फटक्यातच पूर्ण जोरानं, कारण केंद्राभोवतीची सर्वांत जोरदार वाऱ्याची भिंत पुन्हा अंगावर येते. पहिल्या वाऱ्यानं सैल झालेल्या, पण दुसऱ्या बाजूनं दाबून धरलेल्या वस्तू आता उडतात. खात्याचं पत्रक शांततेतही धोका टळल्याचं सांगत नाही. धोका टळल्याचं पत्रक येईपर्यंत दार उघडायचं नाही.

समुद्राबद्दल एक गैरसमज काढायला हवा. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळाबरोबर पाण्याची भिंत आत येते, कारण तिथे किनाऱ्यासमोरचा समुद्र उथळ आहे. मॉरिशसभोवती समुद्र झटकन खोल होतो, पाण्याला साठायला उथळ तळ नाही. म्हणून उधाणाची उंची तुलनेनं कमी राहते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. ६० नं उतरला तर साठ सेंटिमीटर. एरवी भरती-ओहोटीतला फरकच अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, तेव्हा हेही कमी नव्हे. खरा मार लाटांचा. प्रवाळरांग त्या बरंच अडवते. रांग जिथे तुटलेली आहे, जसं दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री ग्रीला, तिथे लाटा थेट कड्यावर फुटतात.

बेटाच्या स्मृतीत काही नावं रुतलेली आहेत. २९ एप्रिल १८९२ ला वादळ आलं तेव्हा हजारावर माणसं गेली. एप्रिलच्या मध्यानंतर वादळ येत नाही असा तोवर समज होता. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल, झोत ताशी २५६ किलोमीटर. १९७५ चं जर्वेज, २८०. १९९४ चं होलांडा, २१६. जानेवारी २००२ चं दीना, २२८. कॅरोलनं लाकूड-पत्र्याची घरं हजारोंनी सपाट केली आणि त्यानंतर बेटावर सिमेंटच्या स्लॅबची घरं रूढ झाली. आज मॉरिशसची गावं चौकोनी आणि काहीशी रुक्ष दिसतात, ती एका वादळाची करणी.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. १२० च्या झोताच्या मानानं २४० चा झोत दुप्पट नव्हे, चौपट दाब देतो. स्लॅब तो सोसतो. पडतात त्या काचा. वाऱ्याकडची एक काच फुटली की हवा आत घुसते, घर आतून फुगतं, आणि वाऱ्याच्या आडोशाकडची दारं-खिडक्या बाहेरच्या बाजूला उखडतात. म्हणून शटर किंवा फळ्या सगळ्या बाजूंनी लावायच्या, फक्त वाऱ्याकडच्या नव्हे. तो दिशा बदलणारच आहे. सपाट गच्चीची पन्हळं आधी साफ करायची. पानांनी तोंड बुजलं की स्लॅबवर वीतभर पाणी साचतं आणि सगळ्या जोडांतून आत ठिबकतं. नारळाच्या सुकलेल्या झावळ्या आणि फळं आधी उतरवायची. टाकी भरून ठेवायची, रिकामी टाकी उडून जाते. पिण्याचं पाणी घरात वेगळं, कारण वीज गेली की पंप बंद. सेलवर चालणारा रेडिओ अजूनही कामाचा आहे. मोबाइलचे टॉवर वाऱ्यात टिकले तरी त्यांची बॅटरी टिकेलच असं नाही.

वारा फिरला की पोर्ट लुई बुडतं

श्रेणींची सगळी पद्धत वाऱ्यावर बेतलेली आहे, पावसावर नाही. गोम इथेच आहे.

राजधानी पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर, मोका डोंगररांगेच्या पायाशी वसली आहे. आग्नेयेच्या वाऱ्यात ती पूर्ण आडोशाला, कोरडी. रस्ते, नाले, भुयारी वाटा त्या सवयीनं बांधल्या गेल्या. पण वारा उत्तरेचा किंवा वायव्येचा झाला की डोंगर तोच आणि भूमिका उलटी. आता शहर वाऱ्याच्या समोर येतं, ओली हवा डोंगरावर चढते, आणि पाऊस उतारावरून थेट शहरात. डोंगरमाथा ते बंदर हे अंतर इतकं कमी की पाण्याला पोहोचायला वेळच लागत नाही.

३० मार्च २०१३ ला कुठलंही चक्रीवादळ नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटची दमट हवा, मंद वारा, दुपारी तापलेली जमीन, आणि शहराला तीन बाजूंनी वेढणारे डोंगर. ढग एकाच जागी वाढत राहिले आणि दोनेक तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. पूस ओढा शहराखालून झाकलेल्या वाटेनं बंदरात जातो; त्यात मावेना तेवढं पाणी रस्त्यांवर आलं आणि सखल जागी, म्हणजे पादचारी भुयार आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये, भरलं. अकरा माणसं गेली.

जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळ आलं. ते आधी रेयुनियनवरून गेलं आणि मग मॉरिशसच्या दक्षिणेकडून सरकलं. वर सांगितलेला नियम लावून बघा: केंद्र पश्चिमेला असताना वारा उत्तरेचा, नैर्ऋत्येला असताना वायव्येचा. म्हणजे पोर्ट लुईच्या अगदी तोंडावर. १५ तारखेला, सोमवारी, लोक कामाला पोहोचले होते, आणि रस्त्यांवर मोटारी तरंगू लागल्या.

मुसळधार पावसासाठी वेगळा निकष आहे: बेटावर सर्वदूर १२ तासांच्या आत १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो चालू राहणार असेल, तर तशी स्थिती जाहीर होते. अडचण अशी की पोर्ट लुईचा धोका दोन तासांत संपूर्ण उलगडतो. पठारावर त्रू ओ सेर्फला डॉप्लर रडार आहे, त्यावर ढग वाढताना दिसतो. पण त्यातून पाऊस किती आणि नेमका कुठल्या ओढ्यात पडेल हे तासभर आधी सांगणं अजूनही कठीण. त्यामुळे राहणाऱ्यानं स्वतःचा नियम ठेवावा. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा पडला असेल किंवा उत्तरेकडून वाहत असेल, आणि डोंगरमाथा काळा दिसत असेल, तर गाडी तळघरात लावायची नाही, आणि रस्त्यावर पाणी वाहतंय तिथून भुयारात उतरायचं नाही. चाकाच्या निम्म्यापर्यंत वाहतं पाणी असलं तर गाडी तिथेच सोडून चालत वर जायचं.

काय बदलतंय

चार्ल्स मेल्ड्रम यांच्या पुढाकारानं इथे १८५१ मध्ये हवामानशास्त्राची संस्था निघाली आणि नंतर पाम्प्लमूसला वेधशाळा उभी राहिली. त्यामुळे एवढ्याशा बेटाच्या नोंदी शंभर वर्षांहून जुन्या आहेत. त्यांतून दिसतं ते असं: वर्षाचा एकूण पाऊस विसाव्या शतकात हळूहळू घटत आला, पावसाचे दिवस कमी झाले, आणि सलग कोरडे दिवस वाढले. हिवाळा आणि उन्हाळी पाऊस यांच्यामधली कोरडी फट रुंदावली आहे. जो पाऊस पडतो तो कमी वेळात जास्त जोरानं. धरणाला हे अर्धवट चालतं, शहराच्या गटारांना अजिबात नाही. वादळांची संख्या वाढल्याचं दिसत नाही, पण झपाट्यानं तीव्र होणारी वादळं जास्त दिसू लागली आहेत, आणि तेच जास्त अवघड, कारण इशाऱ्याचे तास त्यातून कापले जातात.

रोद्रीग हे याच देशाचं दुसरं बेट, पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर. ते आकारानं लहान आणि उंचीनं कमी, त्यामुळे व्यापारी वाऱ्यांतून पाऊस पिळून घ्यायला त्याच्याकडे पठार नाही. पाण्याची ओढाताण तिथे मुख्य बेटाहून तीव्र आहे, आणि वादळांच्या वाटेवर ते आधी येतं.

जायचं असेल त्यांनी महिना कामाप्रमाणे निवडावा. सप्टेंबर ते नोव्हेंबर: हवा कोरडी, वारा मऊ होत आलेला, समुद्र हळूहळू गरम. मे-जूनही चांगले. जुलै-ऑगस्टात पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल घेतलंत तर वारा दिवसभर तोंडावर येईल. पतंगाच्या दोरीनं लाटांवर सरकणाऱ्यांना तेच हवं असतं, लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी पश्चिम किनारा धरावा. जानेवारी ते मार्चमध्ये लग्नाचा किंवा नातेवाइकांकडे जाण्याचा बेत असेल तर परतीच्या तिकिटामागे दोन दिवस मोकळे ठेवा, कारण वादळ जवळ आलं की प्लेझाँसचा विमानतळ बंद होतो, आणि उघडल्यावर पहिल्या विमानांत जागा आधी अडकलेल्यांना मिळते.